जिझेलचे व्हेरिएशन : पावलांचा तोल आणि भूमिकेचे भान

अभिजात बॅलेमध्ये एकट्या नर्तकाने किंवा नर्तकीने सादर करावयाच्या छोट्या नृत्यखंडाला ‘व्हेरिएशन’ म्हणतात. त्याची लांबी जेमतेम दीड-दोन मिनिटांची असली, तरी त्यामागे वर्षांची तालीम असते. ‘जिझेल’ या बॅलेच्या पहिल्या अंकातील नायिकेचे व्हेरिएशन जगभरच्या नृत्यशाळांत आणि तरुण नर्तकांच्या स्पर्धांत वारंवार दिसते.

‘जिझेल’चा पहिला प्रयोग २८ जून १८४१ रोजी पॅरिस ऑपेरात झाला. संगीत अडॉल्फ आदाँ यांचे, नृत्यरचना जाँ कोराली व ज्यूल पेरो यांची, तर नायिका होती कार्लोटा ग्रिसी. आज रसिक ज्याची वाट पाहतात, ते व्हेरिएशन मात्र मूळ कृतीत नव्हतेच. १८८० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग येथे ते जोडले गेले आणि त्याचे संगीतही आदाँ यांचे नाही.

जिझेल ही खेड्यातील मुलगी. तिचे हृदय दुबळे आहे. नाचू नकोस, असे आई तिला परोपरीने बजावते. तरीही ती नाचते, आणि अंक संपण्यापूर्वी प्रियकराची फसवणूक उघड होऊन ती प्राण सोडते. म्हणजे नर्तकीने अत्यंत कठीण हालचाली निर्दोष करावयाच्या, पण त्यातून दिसली पाहिजे ती नाचण्यावाचून राहू न शकणारी एक निष्पाप मुलगी. आपल्या शास्त्रातील नृत्त आणि अभिनय ही दोन्ही अंगे येथे एकाच श्वासात सांभाळावी लागतात.

खरी कसोटी मधल्या भागात आहे. नर्तकी डाव्या पायाच्या चवड्याच्या टोकावर, पॉइंट शूजच्या आधाराने, लहान लहान उड्या घेत रंगमंचावर तिरक्या रेषेत पुढे सरकते. उजवा पाय त्याच वेळी हवेत नाजूक वळणे घेत असतो. उडी जितकी उंच, तितका तोल जाण्याचा धोका अधिक. म्हणून ती अगदी जमिनीलगत ठेवतात. आधाराचा गुडघा किंचित वाकलेला असतो आणि घोटा बुटाच्या टोकापलीकडे झुकू द्यायचा नसतो. बूट फार मऊ पडला असेल तर पाय त्यात बुडतो. अगदी कोरा असेल तर जमिनीचा अंदाज येत नाही. ज्या मुलीचे घोटे व पोटाचे स्नायू अजून तयार नाहीत, तिला हा खंड देणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण. पारितोषिकाच्या ओढीने हे पुष्कळदा विसरले जाते.

तालीम प्रथम बारला दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग मोकळ्याने अशी चढत जाते. शेवटच्या भागात रंगमंचाभोवती वर्तुळाकार गिरक्या असतात आणि तोवर दम संपत आलेला असतो. त्यामुळे अनेकदा शेवटाकडून आरंभाकडे शिकवणे हिताचे ठरते. थकव्यात तोच भाग अंगवळणी पडलेला असावा. गिरकीत दृष्टी एका बिंदूवर खिळवून मान शेवटी झटकन फिरवली, तरच भोवळ टळते.

रंगमंचावरील अस्तित्व हा वेगळा धडा आहे. रोज आरशासमोर सराव केलेली नर्तकी प्रयोगातही स्वतःलाच शोधत राहते, म्हणून अखेरच्या टप्प्यात आरशाकडे पाठ करून नाचणे उपयोगी पडते. नजर कोणाकडे जाते आहे, हे आधीच ठरलेले हवे : कधी आईकडे, कधी प्रियकराकडे, तर कधी जमलेल्या गावकऱ्यांकडे. उड्यांच्या वेळी नजर पायांकडे वळली की जिझेल लुप्त होते आणि उरते ती फक्त परीक्षा देणारी विद्यार्थिनी. चेहऱ्यावर चिकटवलेले हसूही तितकेच घातक. चित्रफितीतील थोर नर्तकीची प्रत्येक लकब उचलणाऱ्या मुली बहुधा येथेच फसतात. लकब हाती लागते, तिचे कारण लागत नाही.

अनेक आवृत्त्यांत हे व्हेरिएशन गुडघ्यावर टेकून संपते. त्या क्षणी धपापणारी छाती लपवायची की जिझेलच्या दुबळ्या हृदयाची खूण म्हणून किंचित दिसू द्यायची, हा निर्णय ज्या त्या नर्तकीचा.