अपत्याचा निर्णय आणि त्यावरचे चार दावे

विषयमर्यादा

संततिनियमनाची साधने हाती येण्यापूर्वी लग्न झाले की मुले होणे ओघानेच येई. पर्याय नसेल तिथे नीतीचा प्रश्नही उभा राहत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि स्वतः पत्नीसह निरपत्य राहणे पसंत केले, तेव्हा हा पर्याय मराठी समाजापुढे आचरणासकट आला. मूल होऊ द्यावे की नाही, हे ठरवताना कोणाचा दावा मानावा, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. दावेदार चार आहेत : पूर्वज, राज्य, होणारे मूल आणि गर्भ वाहणारी स्त्री.

१. पूर्वजांचा दावा

पितृऋण संततीने फिटते, ही परंपरेची भूमिका. मात्र नैष्ठिक ब्रह्मचारी आणि संन्यासी यांना याच परंपरेने वाट मोकळी ठेवली; म्हणजे हे बंधन तिनेही निरपवाद मानलेले नाही. मुख्य आक्षेप वेगळा आहे. ऋण माझे असेल, तर ते फेडण्यासाठी तिसऱ्याच जीवाला जन्माला घालण्याचा अधिकार मला कुठून आला? ‘म्हातारपणाची काठी’ हवी, या अपेक्षेलाही हीच कसोटी लागते. निवृत्तिवेतनाचा आधार थोड्यांनाच असलेल्या देशात ती अपेक्षा समजण्याजोगी आहे; पण तेवढ्यासाठीच मूल हवे असेल, तर त्याच्या आयुष्याचा विनियोग जन्माआधीच ठरवून टाकल्यासारखे होते.

२. राज्याचा दावा

आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. स्थानिक निवडणुका लढवण्यासाठी दोन अपत्यांची अट मात्र राज्यात आहे. पुढे चित्र पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) एकूण जननदर देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ च्या खाली आढळला. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये दोन अपत्यांची हीच अट रद्द केली आणि तिथले मुख्यमंत्री अधिक मुलांचा पुरस्कार करू लागले. एकदा ‘कमी’ म्हणणारे राज्य पुढे ‘जास्त’ म्हणते. दोन्ही वेळा शरीर नागरिकाचे आणि हिशेब राज्याचा. लोकसंख्येचा समतोल हे धोरणाचे रास्त उद्दिष्ट असू शकते. त्यासाठी पाळणाघरे, प्रसूतिरजा, आरोग्यसेवा आणि गर्भनिरोधके पुरवता येतात. सक्तीचा आधार मात्र त्यातून मिळत नाही.

३. मुलाचा दावा

तत्त्वज्ञ डेव्हिड बेनटार यांनी २००६ च्या ग्रंथात असा युक्तिवाद केला : जन्मच झाला नाही तर दुःख टळते आणि ते चांगलेच; सुखही हुकते, पण ते ज्याचे हुकले असा कोणीच नसल्याने त्यात वाईट काही नाही. म्हणून जन्म न देणेच श्रेयस्कर. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका तरुणाने, संमतीशिवाय जन्म दिल्याबद्दल आईवडिलांवर दावा लावण्याचा मनोदय जाहीर केला होता.

संमतीचा आक्षेप टिकत नाही : जो नाही त्याची संमती मागताही येत नाही आणि डावलताही येत नाही. बेनटार यांचा युक्तिवादही एका जागी लंगडतो. कोणी नसतानाही टळलेले दुःख जमेस धरायचे असेल, तर हुकलेले सुख हिशेबाबाहेर का? तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये आणखी एक पेच मांडला. अल्पवयात आई होणारी मुलगी काही वर्षे थांबली, तर तिला वेगळेच मूल होईल. मग न थांबल्याने आताच्या मुलाचे नुकसान झाले असे कसे म्हणावे? तरीही थांबणे शहाणपणाचे, असेच आपल्याला वाटते. यावरून दिसते, की येथे नीतीची कसोटी नुकसानभरपाईची नसून पूर्वदृष्टीची आहे : येणाऱ्या मुलाला जगण्याजोगे आयुष्य देण्याची तयारी आपल्याकडे आहे का?

४. स्त्रीचा दावा

गर्भधारणा, प्रसूती आणि बहुतांश संगोपन यांचा भार स्त्रीवर पडतो. डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा भार हलका करणाऱ्या संततिनियमनाचा ठराव आला. तो फेटाळला गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्त्रीची प्रजननविषयक निवड हा घटनेच्या कलम २१ खालील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. नवऱ्याची इच्छा येथे विचारात घेण्याजोगी आहे, निर्णायक नाही. कारण इच्छा दोघांची असली तरी शरीर एकीचेच पणाला लागते.

आक्षेप आणि निष्कर्ष

‘सगळ्यांनीच मूल नको असे ठरवले तर?’ हा आक्षेप मुभेला आज्ञा समजतो. सगळेच डॉक्टर झाले तर शेती बुडेल. म्हणून डॉक्टर होणे अनैतिक ठरत नाही. निरपत्य माणूस दुसऱ्यांच्या मुलांवर विसंबतो, हे खरे. पण त्या मुलांच्या शाळा-दवाखान्यांसाठी तोही कर भरतो.

यातून एक विषमता सिद्ध होते. मूल न होऊ देण्याचे कारण कोणाला सांगण्याचे बंधन नाही, कारण त्या निर्णयाने कोणाचा हक्क बुडत नाही. मूल होऊ देण्याचे कारण मात्र असावे लागते आणि ते दोघांपुढेच टिकावे लागते : जिच्या शरीरातून मूल येणार तिच्यापुढे, आणि पुढे मोठे होऊन जाब विचारू शकणाऱ्या त्या मुलापुढे. आपल्याकडे लग्नानंतर वर्षभरात ‘पाळणा कधी हलणार?’ असे विचारतात. जाब मागण्याचा रोख तिथेच उलटा पडलेला असतो.