उन्हाळें आणि देवस्थान : मोरगांव व वज्रेश्वरी

एखाद्या गांवीं किल्ला असला म्हणजे त्याचा इतिहास वेढ्यांवरून लागतो. पेठ असली म्हणजे जकातीच्या हिशेबांवरून लागतो. परंतु जें गांव ना लष्करी ना व्यापारी, केवळ परगांवच्या पाहुण्यांवर जगलें, त्याचा इतिहास कोठून आरंभावा हा प्रश्न संशोधकास नेहमींच अडवितो. देऊळ कोणीं बांधिलें हें सांगितलें कीं गांवाचा इतिहास झाला, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. ती कितपत ग्राह्य आहे हें दोन गांवें शेजारीं ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

पहिलें गांव सुपें परगण्यांतील मोरगांव. हें कऱ्हेच्या कांठीं वसलेलें असून अष्टविनायकांत प्रथम गणलें जातें. देवळाच्या चारी कोपऱ्यांस मिनार, भोंवतीं उंच तट आणि देवासमोर नंदी, अशी येथील रचना पाहणाऱ्याच्या ध्यानांत राहते. मोरया गोसाव्यांच्या परंपरेमुळें येथील देवाचा चिंचवडशीं संबंध जडला, आणि भाद्रपद व माघ या महिन्यांत चिंचवडाहून येणाऱ्या पालखीनें तो टिकविला. हा मुलूख अवर्षणाचा. तरीही कऱ्हेस पावित्र्य आहे, कारण ती ब्रह्मदेवाच्या कमंडलूंतून सांडली अशी कथा आहे. नदी प्रथम आणि देव मागाहून, असें येथें कोणी म्हणत नाहीं. येथें क्षेत्रानें तीर्थास मोठेपण दिलें आहे.

दुसरें गांव भिवंडी तालुक्यांतील वज्रेश्वरी. येथील क्रम आमच्या मतें नेमका उलटा आहे.

आधीं शब्दांचा पुरावा घेऊं. संस्कृत 'उष्ण' याचें प्राकृतांत 'उण्ह' झालें, आणि त्यावरून मराठींत 'ऊन', 'उन्हाळा' हे शब्द आले. ऊन पाण्याच्या झऱ्यास 'उन्हाळें' म्हणण्याची रीतही त्यांतलीच. राजापुरानजीकचें उन्हाळे, पालीनजीकचें उन्हेरे, दापोली तालुक्यांतील उन्हवरे, खानदेशांत अडावदजवळचें उनपदेव, हीं नांवें पाण्याच्या गुणावरून पडलीं हें उघड आहे. या ठिकाणीं पाण्यानें आपलें नांव राखिलें. तानसा नदीच्या कांठच्या झऱ्यांस मात्र तें राखितां आलें नाहीं. तेथील मूळ गांव वडवली. आज ओळख आहे ती देवीच्या नांवानें, आणि शेजारच्या गणेशपुरीसही देवाचेंच नांव. नांव देवाचें झालें म्हणून मूळ पाण्याचें नाहीं, असें मात्र ठरत नाहीं.

वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी या टापूंत नदीच्या पात्रांत आणि कांठावर ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. त्यांस सूर्य, चंद्र, अग्नि अशीं नांवें दिलेलीं असून कांहींतील उष्णता ५० अंश सेल्सिअसहून अधिक भरते. देवीनें मारिलेल्या दैत्यांचें हें रक्त होय, अशी लोककथा आहे. भूगर्भशास्त्र वेगळें सांगतें. पालघर जिल्ह्यांतील कोकणेरपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत सुमारें ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत असे झरे जागोजाग आहेत. पावसाचें पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल उतरतें, तेथील उष्णतेनें तापतें, वाटेंत क्षार घेतें आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. जागत्या ज्वालामुखीशीं त्याचा संबंध नाहीं. अर्थात् हें पाणी कोणत्याही राजवटीहून जुनें आहे.

आतां देवळाकडे वळूं. देवीचें आद्य स्थान उत्तरेस गुंज येथें होतें व पोर्तुगीजांच्या उपद्रवामुळें ती वडवलीस आली, असें परंपरा सांगते. वसई इ. स. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. इ. स. १७३७ त मराठ्यांची मोहीम सुरू झाली. किल्ला हातीं येईना तेव्हां चिमाजी अप्पांनीं देवीस नवस केला, यश येतांच देऊळ बांधण्याचें वचन दिलें, आणि वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांजकडून तें पुरें करविलें, अशी हकीकत तेथें सांगतात. वसई पडली ती मे १७३९ मध्यें. अप्पा निवर्तले डिसेंबर १७४० मध्यें. मधला अवकाश अवघा दीड वर्षाचा. नवस अप्पांचा आणि काम सुभ्याचें, ही परंपरेंतील वांटणी या तारखांशीं विसंगत नाहीं. एवढ्यानें नवस सिद्ध झाला असें आम्ही म्हणत नाहीं. कथा काळाच्या कसोटीस अडखळत नाहीं, इतकेंच म्हणतों.

परंतु या हकीकतींतच एक गोष्ट दडलेली आहे. नवस बोलावयास लोकांच्या वहिवाटींतलें स्थान लागतें. रानांतील निनांवी टेकडीपाशीं सेनापति वचन देत नाहीं. तेव्हां परंपरा खरी मानिली तर १७३९ हें गांवाच्या आरंभाचें वर्ष ठरत नाहीं. तें सरकारी आश्रयाच्या आरंभाचें वर्ष ठरतें. ही गल्लत आपल्या लेखनांत वारंवार होते व तिच्यामुळें आश्रयदात्यापूर्वींचे शेंकडों वर्षांचे अनाम यात्रेकरू इतिहासांतून गळतात.

पुढील काळ याची साक्ष देतो. देवळाचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनीं नवस फेडण्यासाठीं बांधिला असें सांगतात. १७८० त वसई इंग्रजांनीं घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती परत आली, १८१८ त पेशवाई गेली. कुंडांचें पाणी मात्र ऊनच राहिलें. इ. स. १८९२ त तानसेचें बांध घातलेलें थंड पाणी नळानें मुंबईस जाऊं लागलें, आणि त्याच नदीच्या खालच्या अंगास ऊन पाण्यासाठीं मुंबईचे लोक येत राहिले. विसाव्या शतकांत स्वामी नित्यानंद गणेशपुरीस राहिले व १९६१ त तेथेंच समाधिस्थ झाले. त्यामुळें त्या स्थानाची ख्याति परदेशींही गेली.

पोलंड देशांतील क्रिनित्सा या गांवाची येथें तुलना सुचते. तेथील औषधी पाण्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोव्हच्या डीट्ल नामक वैद्याचार्यांनीं पुनः प्रतिष्ठा दिली. पाण्याचें पृथक्करण, वैद्याची शिफारस, मग उतरण्याच्या जागा, असा तेथील क्रम. आपल्याकडे पृथक्करणाच्या जागीं नवस आणि वैद्याच्या जागीं पुजारी. म्हणून तेथील इतिहास वैद्यांच्या अहवालांत शोधावयाचा, तर आपला कोठें?

याचें उत्तर आमच्या संग्राहक बंधूंच्या हातीं आहे. सनदा व राजपत्रें सर्वच जण जपतात. दिवाबत्तीचा जमाखर्च, नवसाच्या भांड्यांची याद, उपाध्यायांच्या वह्या यांस मात्र रद्दींत वाट मिळते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनीं किती घराण्यांच्या वंशावळी लावून दिल्या हें सर्वांस ठाऊक आहे. मोरगांवास सनदांनीं बोलतें केलें; उन्हाळ्यांचीं गांवें बोलतीं होतील तीं असल्याच चिटोऱ्यांनीं. तेव्हां मोडीचा रुमाल सोडतांना ज्या कागदावर शिक्का नाहीं तो बाजूस टाकूं नये, एवढी विनंती करून हें टिपण पुरें करितों.