रुळांतली वीज गाडीच्या पोटांत
(नभोवाणीवरील भाषण)



बागेंत रूळ मांडून त्यांवर खेळांतली आगगाडी चालविण्याची हौस पाश्चात्य देशांत जुनी आहे. आपल्याकडे मात्र ती गाडी बहुधा छपराखालींच राहिली. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथील पूल, सिग्नल व गाड्या पाहून लहानथोर सारखेच हरखतात. पण तो सारा संसार दालनांतला आहे. आमच्या निघोज्यास आषाढांत बाग हिरवीगार होते. नेमके तेच दिवस या गाडीस वर्ज्य कां असावेत? याचें उत्तर विजेच्या इतिहासांत आहे.

वेर्नर सीमेन्स यानें बर्लिनच्या प्रदर्शनांत १८७९ सालीं विजेची गाडी चालविली. तिला दोन रुळांमधील तिसऱ्या पट्टींतून वीज मिळे. पुढें १८८१ सालीं त्यानें बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथें ट्राम काढली आणि वीज थेट चालत्या रुळांतूनच नेली. रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना व माणसांना झटके बसूं लागले! पुढें अनेक ठिकाणीं ही वीज डोक्यावरील तारेंत गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबई ते कुर्ला ही आपल्या देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, ती अशाच तारेखालून.

खेळांतल्या गाडीनें मात्र जुनी वाट सोडली नाहीं. नुरेंबर्गच्या लेमान कंपनीनें १९६८ सालीं ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरील बागेची गाडी बाजारांत आणली. तिलाहि वीज रुळांतूनच मिळे. दाब अल्प असल्यानें मुलांस भय नव्हतें. पण दमट हवेंत पितळी रुळांवर काळसर पापुद्रा धरतो, त्यावर चिखल व पानांचा चीक बसतो. अल्प दाबाची वीज हा थर भेदूं शकत नाहीं आणि हलक्या गाडीच्या भारानें तो चिरडतहि नाहीं. गाडी अडखळते, दिवा लुकलुकतो, आणि शेवटीं सारेंच थांबतें.

सुटका दोन शोधांनीं केली. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरींनीं दूरची घंटा वाजविली. १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें निकोला टेस्ला यानें लहानशी नौका तारेवांचून चालवून दाखविली. तिकडे १९९१ सालीं लिथियमची पुनःपुन्हां भरतां येणारी बॅटरी विक्रीस आली. हुकूम हवेंतून, वीज पोटांतली; रुळांकडे वाट दाखविण्यापुरतेंच काम उरलें. चाकणच्या कारखान्यांत बनणाऱ्या बॅटरीच्या मोटारी याच कुळींतल्या.

तथापि ओल हरली असें समजूं नये. तिनें ठाणें बदललें इतकेंच. पूर्वीं ती रुळांवर बसे, आतां इंजिनांत शिरून तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढविते. म्हणून खेळ आटोपल्यावर इंजिन पुसून वाळवावें, बॅटरी काढून कोरड्या जागीं ठेवावी, आणि भिजलेली बॅटरी कधींहि भरावयास लावूं नये.

एवढी काळजी घेतली तर श्रावणसरींच्या उघडिपींत ओल्या रुळांवरूनहि मुलांची गाडी खुशाल धांवेल. ज्या ऋतूंत बाग सर्वांत सुंदर असते, तो ऋतु त्यांना परत मिळाला, हें या शोधांचें लहानसें पण खरें देणें होय.