पॅरिसचे डोंबारी आणि १८८८ चे एक चित्र

१८८८ साली पॅरिसच्या 'सालाँ' या वार्षिक चित्रप्रदर्शनात सहा मीटरांहून अधिक रुंदीचे एक चित्र लागले. एवढा विस्तार त्या काळी लढाया, राज्याभिषेक आणि पुराणकथांसाठी राखलेला असे. फर्नां पेलेझ (१८४८–१९१३) या चित्रकाराने तो रस्त्यावर कसरती करणाऱ्या एका जथ्याला दिला. चित्राचे नाव 'ग्रिमास ए मिझेर', म्हणजे 'वेडीवाकडी तोंडे आणि दैन्य'. आज ते पॅरिसच्या पती पाले संग्रहालयात आहे.

पेलेझ हा काबानेलचा शिष्य. घोटीव रेखाटन आणि हुबेहूब कातडी-कापड हे अकादमीचे शिक्षण त्याच्या हाडीमाशी मुरलेले होते. देवदेवतांसाठी शिकलेले तेच कौशल्य त्याने येथे सुरकुतलेल्या, विटक्या पोशाखांवर खर्च केले.

चित्रात खेळ नाही. तंबूबाहेर गिऱ्हाईक जमवण्यासाठी मंडळी फळीवर रांगेने उभी आहेत, एवढेच. डाव्या टोकाला लहान मुले. त्यांतले सर्वांत धाकटे रडते आहे. उंची वाढत वाढत मध्यभागी विदूषकापर्यंत पोहोचते आणि उजवीकडे थकून बसलेल्या म्हाताऱ्या वादकांपाशी उतरते. रडणाऱ्या पोराचे पुढे काय होणार, हे त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला दिसते.

आणि हे पोर तेथे कायद्याने असायलाच हवे होते का? ७ डिसेंबर १८७४ च्या फ्रेंच कायद्याने फिरत्या कसरतींत १६ वर्षांखालील मुलांना उतरवण्यास बंदी होती. आईबापांना स्वतःच्या मुलांसाठी ही मर्यादा १२ वर्षांची होती. त्याच १८७४ साली ग्युस्ताव्ह दोरे याने 'ले साल्तँबांक' हे चित्र रंगवले. त्यात खेळ करताना पडून डोके फुटलेले मूल आईच्या मांडीवर आहे.

मराठी वाचकाला हा जथा परका वाटू नये. बांबूंच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोलकी आणि वर हातात आडवी काठी घेऊन चालणारी मुलगी : डोंबाऱ्याचा खेळ हाच. आपल्याकडे मात्र या लोकांच्या वाट्याला भव्य चित्र आले नाही. आली ती सरकारी नोंद. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या चार खंडांत नट आणि कोल्हाटी यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

नोंद निरुपद्रवी नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली. १९११ च्या कायद्याने ती सबंध ब्रिटिश भारतात, म्हणजे खापरखेड्यासह नागपूरच्या मुलखातही खुली झाली. यादीत नाव असो वा नसो, पालात राहणारा फिरस्ता संशयिताच्या नजरेनेच पाहिला जाई.

फ्रान्सही मागे नव्हता. चित्राला २४ वर्षे होतात तोच, १९१२ च्या कायद्याने 'नोमाद' ठरवलेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे आणि शरीराची मापे असलेली पुस्तिका बाळगणे सक्तीचे झाले. त्याचा फटका मुख्यतः रोमा लोकांना बसला. भारतातील कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. फ्रान्समधील ती पुस्तिका १९६९ पर्यंत टिकली, आणि नंतरही फिरस्त्यांसाठी वेगळी प्रवासपत्रे आलीच.