दर्याबंदीचा जुना शिरस्ता

सरकारी दफ्तरात मासेमारीच्या मनाईचा हुकूम नोंदला जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या, नैर्ऋत्येचे वारे सुटून दर्या खवळू लागला की वेसावे, वसई, अर्नाळा येथील कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेत, त्या शाकारून ठेवीत आणि श्रावणी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण होईपर्यंत खोल पाण्यात जाळे टाकीत नसत. हा संयम निव्वळ धर्मबुद्धीचा होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिडाच्या होडीने त्या लाटांत शिरणे म्हणजे मरणास आमंत्रणच होते. परंतु भयातून जन्मलेल्या या शिरस्त्याने, अनेक जातींचे मासे ज्या काळात अंडी घालतात नेमक्या त्याच काळात, सागरास उसंत दिली. घरची तरतूद उन्हाळ्यातच झालेली असे: दोन-दोन बोंबलांचे जबडे परस्परांत अडकवून ते वाळवण्यासाठी वलांडीवर टांगायचे, आणि त्या सुक्यावर पावसाळा काढायचा.

पुढे यांत्रिक नौका आल्या, वाऱ्याचा धाक ओसरला, आणि रूढीचे काम १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमास अंगावर घ्यावे लागले. हल्ली यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मनाई असते. अरबी समुद्र मात्र तापत चालला आहे. २०१९ च्या ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे लागोपाठ उठली, तेव्हा नौकांना बंदराचा आसरा घ्यावा लागला. कायदा आणि रूढी यांचा मेळही बसत नाही: कायद्याची तारीख ठरलेली, पौर्णिमा तिथीने चालणारी; २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, आणि मनाई तर १ ऑगस्टलाच उठली होती.