दुधीचा वेल आणि तारप्याचा नाद

शहापूर-मुरबाडच्या मुलुखातील वारली पाड्यांत छपरावर चढणारा दुधीचा वेल केवळ कालवणापुरता नसतो. त्याचे फळ वाळून पोकळ झाले आणि बांबूच्या नळ्या व ताडपत्रांचा कर्णा मेणाने त्यास सांधला, म्हणजे त्याचाच तारपा हे फुंकवाद्य होते, आणि भात पिकण्याच्या सुमारास अवघा पाडा त्या स्वराभोवती फेर धरतो. विवाहसमयी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, लग्नविधी चालवणारी धवलेरी गाते, आणि मध्यभागी वनस्पतिसृष्टीची माता पालघट प्रकटते. सत्तरीच्या दशकात हे चित्र कागदावर उतरले, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री लाभली; धवलेरींच्या कंठाला मात्र तसा राजमान्य दाखला मिळाला नाही.