वाट पाहणाऱ्यांचा काळ

काळ सर्वांसाठी सारख्याच गतीने चालतो, अशी आपली समजूत आहे. शाळेची घंटा ठरल्या वेळी वाजविण्यात हयात गेल्यामुळे आमच्या ठायी तर ती विशेषच दृढ झाली होती. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. पेशवाईतील पुण्यात दुपारी तीननंतर व सकाळी नऊपूर्वी महार-मांगांना वेशीच्या आत मज्जाव असे, कारण त्या वेळी सावली लांब पडते; असे डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. एकाच नगरात काहींचा दिवस सहा तासांचा होता!

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हाच या दुःखाचे नाते त्यांनी ओळखले होते. अमेरिकेत शाळांतील वर्णभेद १९५४ साली घटनाबाह्य ठरला. पण पुढील वर्षीच्या आदेशात अंमलबजावणीची निश्चित मुदत नव्हती. 'जरा थांबा' या उपदेशास मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून उत्तर दिले.

तथापि सारीच संथता लादलेली नसते. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आमच्या बोरगावापासून फार दूर नसलेल्या नागपुरात, ती पूर्ण केली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची व तयारीची होती. तो विलंब त्यांचा स्वतःचा होता.

वाङ्मयातही हाच भेद दिसतो. राल्फ एलिसन यांच्या १९५२ च्या 'अदृश्य माणूस' या कादंबरीचा नायक लुई आर्मस्ट्राँगचे संगीत ऐकताना जाणतो की, अदृश्य माणसाचा ताल इतरांहून किंचित मागे वा पुढे पडतो. त्या फटीत शिरून तो सावकाश ऐकू लागतो. दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. एकाच आयुष्यातील दोन काळ तेथे समोरासमोर बसतात.

'किती दिवस तेच सांगणार?' असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकींतूनही आमच्या कानी येतो. आमचे नम्र मत असे की, ज्यांना पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेर तिष्ठत ठेवले, त्यांच्या कथनाची वेळ आपण घड्याळ लावून ठरवू नये.